चिनी सिनेमातली बाई आणि तिच्याकडे बघणारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी सिनेमावर लिहायला लागल्यापासून वाचकांची पत्रं येतात. त्यातली निम्मी एकाच विषयावरची असतात. प्रत्येकाला तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाईप करून हात दुखायला लागले, म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिकडचा क्रमांक दिला आहे. शेवट फोडल्याबद्दल तक्रार करू नका. यातले बहुतेक सिनेमे तुमच्या-माझ्या मुलांपेक्षा वयाने मोठे आहेत.

१. 'पुरुषी नजर' म्हणजे नेमकं काय? वाईट नजरेने बघणं का?

नाही. वाईट नजर माणसाची असते, ही नजर सिनेमाच्या रचनेत असते. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ साली एका निबंधात हा मुद्दा मांडला. त्या हॉलिवूडबद्दल बोलत होत्या. सिनेमात तीन नजरा असतात : कॅमेऱ्याची, पडद्यावरच्या पात्रांची आणि खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाची. जुन्या हॉलिवूडमध्ये या तिन्ही मिळून पुरुषाच्या जागी उभ्या राहतात. तो बघतो, ती दिसते. गोष्ट त्याच्यामुळे पुढे सरकते आणि तिच्यापाशी येऊन थबकते.

चिनी उदाहरण हवं तर लो ये यांचा 'सुझो रिव्हर' (२०००) बघा. निवेदक शांघायमधला व्हिडिओ काढणारा माणूस आहे. त्याचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही, फार तर हात दिसतात. त्याच्या कॅमेऱ्यातून आपण एका मुलीकडे बघत राहतो. ती दुसऱ्याच कुणाची हरवलेली प्रेयसी आहे की काय, असा घोळ होतो. दोन्ही मुली झो शुन या एकाच अभिनेत्रीने केल्या आहेत. बघणारा अदृश्य, बघितली जाणारी दुप्पट. मल्वी यांचा अख्खा निबंध या एका मांडणीत बसतो. फरक इतकाच की दिग्दर्शकाला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे.

म्हणून या पानावर मी अंगावर कपडे किती, हे मोजत नाही. कोण बघतंय आणि तिला उलटून बघता येतं का, एवढंच बघते.

२. हा पाश्चात्य सिद्धांत. चीनला लावायचा कशाला? चिनी लोक तरी हा शब्द वापरतात का?

वापरतात, आणि रोजच्या भांडणात वापरतात. चिनी शब्द आहे 'नानश्यिंग निंगशी'. 'नानश्यिंग' म्हणजे पुरुष. 'निंगशी'तल्या 'निंग'चा अर्थ गोठणं, थिजणं. एखाद्या गोष्टीवर खिळून थिजलेली नजर. मूळ इंग्रजी शब्दापेक्षा मला हा जास्त नेमका वाटतो. सिनेमाचं पोस्टर आलं, जाहिरात आली, की चिनी समाजमाध्यमांवर या शब्दाने वाद पेटतो.

सिद्धांत जसाच्या तसा लागू होत नाही, हे मात्र खरं. चीनमध्ये बघणारा नुसता पुरुष नसतो. कधी तो पक्ष असतो (प्रश्न ६), कधी युरोपातल्या महोत्सवाचा परीक्षक (प्रश्न ७), कधी शेजारपाजार (प्रश्न १२). हे सगळे एकमेकांच्या खांद्यावरून बघत असतात. पेकिंग विद्यापीठातल्या दाय जिनहुआ आणि हाँगकाँगमध्ये वाढून अमेरिकेत शिकवणाऱ्या रे चाव यांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. त्यामुळे 'हे गोऱ्यांचं खूळ' म्हणून सुटका होत नाही.

३. 'चिनी सिनेमा' म्हणताना हाँगकाँग आणि तैवानही धरता का?

इथे धरते, कारण नट, पैसा आणि गोष्टी तिन्हीकडे फिरत असतात. राजकारणाचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर पत्रं पाठवू नयेत. सेन्सॉर मात्र तिन्हीकडे वेगळं आहे, ते लक्षात ठेवा (प्रश्न १५).

४. सुरुवातीला पडद्यावर बायका होत्या का, की आपल्यासारखं पुरुषच लुगडी नेसत होते?

अगदी आपल्यासारखं, आणि योगायोग असा की वर्षही तेच. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये 'झुआंगझी बायकोची परीक्षा घेतो' अशा अर्थाच्या नावाचा छोटा सिनेमा निघाला. त्यात बायकोची भूमिका ली मिनवेई या पुरुषाने केली. दासीच्या छोट्या भूमिकेत मात्र यान शानशान ही खरीखुरी बाई होती. चिनी पडद्यावरची पहिली अभिनेत्री म्हणून तिचं नाव घेतात. आपल्याकडेही १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या.

चीनचा पहिला सिनेमा मानतात तो १९०५ चा, पेकिंग ऑपेरातल्या एका प्रयोगाचं चित्रण. ऑपेरात स्त्री-भूमिकेला 'दान' म्हणतात आणि ती करणारे पुरुष असत. मेई लानफांग हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. ज्यांच्या घरात बालगंधर्वांच्या शालूंच्या गोष्टी अजून सांगतात, त्यांना हे समजावायला नको. त्यांची चाल बघून घरंदाज बायका चालायला शिकल्या, असं आपण कौतुकाने सांगतो. 'बाई कशी दिसावी' हे आधी पुरुषाने रंगमंचावर ठरवलं आणि मग बायकांनी ते उचललं, हा त्या कौतुकाचा दुसरा अर्थ. चिनी सिनेमा सुरू झाला तो या पायावर. पुढचं प्रश्न १३ मध्ये.

५. रुआन लिंगयूचं नाव सगळे घेतात. मूकपटातली एक नटी, तिचं एवढं काय?

एवढं आहे, म्हणून जरा बैठक मारून सांगते.

रुआन लिंगयू १९१० साली शांघायमध्ये जन्मली. १९३४ मध्ये तिने 'शेन्न्यू' केला. दिग्दर्शक वू योंगगांग यांचा तो पहिलाच सिनेमा. शब्दाचा सरळ अर्थ 'देवी', आणि शांघायच्या रस्त्यावर त्याच शब्दाने वेश्येचा बोध व्हायचा. इंग्रजी नावात फक्त देवी उरली, रस्ता गेला. आपल्याकडे 'मुरळी' या शब्दाचं काय झालं ते आठवा, म्हणजे अंदाज येईल.

गोष्ट एका आईची. रात्री ती रस्त्यावर उभी राहते, दिवसा मुलाला शाळेत घालायची धडपड करते. एक गुंड तिच्या खोलीत घुसून तिचा मालक होऊन बसतो. त्यातली एक चौकट मी विसरू शकत नाही. कॅमेरा त्या गुंडाच्या मागे, खाली ठेवला आहे. त्याचे दोन पाय पडद्यावर खांबांसारखे उभे आहेत आणि त्या पायांच्या कमानीत, मुलाला छातीशी धरून, ती बसली आहे. बघणाऱ्याचा चेहरा नाही, नुसते पाय. वेश्येची गोष्ट आहे, पण लाज वाटते ती त्या पायांची. हे १९३४ साली.

पुढच्या वर्षी 'नवी स्त्री' आला, दिग्दर्शक त्साय चूशेंग. आय शिया नावाच्या नटीने १९३४ मध्ये आत्महत्या केली होती, तिच्यावर बेतलेला. त्यात एक नीच पत्रकार दाखवला म्हणून शांघायचे वार्ताहर खवळले, आणि स्टुडिओला माफी मागावी लागली. मग वर्तमानपत्रांचा रोख रुआनकडे वळला. तिच्या आयुष्यात दोन पुरुष होते, कोर्टकज्जा चालू होता. रोज काहीतरी छापून येऊ लागलं. ८ मार्च १९३५ रोजी, महिला दिनीच, तिने झोपेच्या गोळ्या घेतल्या. वय २४.

थोर चिनी लेखक लू शुन यांनी त्यानंतर एक लेख लिहिला. 'लोक काय म्हणतील याची भीती' हे तिचे शेवटचे शब्द म्हणून छापून आले होते, त्यावर. वर्तमानपत्रं सत्ताधाऱ्यांपुढे दुबळी असतील, पण एकट्या बाईपुढे ती दुबळी नसतात, असा त्यांचा रोख. पुरुषी नजर म्हणजे नुसती कॅमेऱ्याची जागा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही केस वाचावी. पडद्यावर तिने जे भोगलं तेच पडद्याबाहेर, त्याच शहरात, तेच लोक बघत असताना.

१९९१ मध्ये हाँगकाँगच्या स्टॅन्ली क्वान यांनी तिच्यावर सिनेमा केला, इंग्रजीत 'सेंटर स्टेज'. रुआनच्या भूमिकेसाठी मॅगी चंगला बर्लिनचा पुरस्कार मिळाला. त्यात मधेच गोष्ट थांबते आणि मॅगी, दिग्दर्शक, बाकीचे नट रुआनबद्दल गप्पा मारताना दिसतात. गेलेल्या बाईच्या आयुष्यात आपण डोकावतोय याची जाणीव सिनेमा पुसू देत नाही.

६. माओच्या काळात तर बायकांच्या हातात बंदुका होत्या. तिथे पुरुषी नजर संपलीच ना?

बरीचशी झाकली गेली. जागा रिकामी राहिली नाही.

'रेड डिटॅचमेंट ऑफ विमेन' (१९६१, दिग्दर्शक श्ये जिन) हाच बघू. हायनान बेटावरची वू छ्योंगहुआ ही जमीनदाराच्या तळघरात डांबलेली गुलाम पोर. पळते, पकडली जाते, मार खाते, पुन्हा पळते. श्ये जिनना या भूमिकेसाठी आग ओकणारे मोठे डोळे हवे होते. शांघायच्या नाट्यविद्यालयातल्या झू शीज्वान या विद्यार्थिनीत ते सापडले. त्या डोळ्यांवर अख्खा सिनेमा चालतो. ती खाली बघतच नाही. १९६२ मध्ये प्रेक्षकांच्या मतांवर दिले जाणारे 'शंभर फुलं' पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट सिनेमा हाच ठरला आणि झू शीज्वान सर्वोत्कृष्ट अभिनेत्री.

मग अडचण कुठे? तिला वाट दाखवतो होंग छांगछिंग हा पक्षाचा प्रतिनिधी. तो तिला सोडवतो, चार नाणी देतो, पत्ता सांगतो, रागावर ताबा ठेवायला शिकवतो. मूळ पटकथेत दोघांत प्रेम फुलत होतं, ते काढून टाकलं. प्रेमी गेला, गुरू राहिला. ती त्याच्याकडे बघते तेव्हा खरं तर पक्षाकडे बघते, आणि पक्ष तिच्याकडे वरून, कौतुकाने बघतो. शेवटी तो हुतात्मा होतो आणि त्याची जागा ती घेते.

दाय जिनहुआ याला हुआ मुलानचा पेच म्हणतात. लोककथेतली मुलान युद्धावर गेली ती पुरुषाचा वेष घेऊन. बाईला इतिहासात जागा मिळते, अट एकच, बाई म्हणून यायचं नाही. 'काळ बदलला, स्त्री-पुरुष सारखेच' या माओच्या वाक्यात 'सारखे' म्हणजे कुणासारखे, ते विचारायची सोय नव्हती.

आणि एक गंमत. याच गोष्टीचा १९६४ मध्ये बॅले झाला. त्यात या क्रांतिकारक सैनिक मुली आखूड चड्ड्या घालून, चवड्यांवर, रायफल रोखून नाचतात. त्या पिढीच्या कित्येक चिनी पुरुषांनी पुढे कबूल केलं की त्यांच्या लहानपणी उघडे पाय बघायची ती एकमेव अधिकृत सोय होती.

७. 'रेज द रेड लँटर्न' बायकांच्या बाजूचा आहे, की बायकांचं दुःख सजवून परदेशात विकणारा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. मी स्वतः यावर दोनदा मत बदललं आहे.

दिग्दर्शक झांग यीमो, १९९१. सू तोंग यांच्या लघुकादंबरीवरून. १९२० च्या दशकातली सोंगल्येन, वय १९, वडील गेल्यामुळे शिक्षण सोडून एका श्रीमंताची चौथी बायको होते. सिनेमा तिच्या चेहऱ्यापासून सुरू होतो. कॅमेरा समोर, अगदी जवळ, हलत नाही. सावत्र आईचा फक्त आवाज येतो. लग्न करते म्हणते. श्रीमंताशी केलंस तर रखेल होऊन राहावं लागेल, असं आई सांगते. राहीन की, बाईच्या नशिबात तेच नाही का, असं ती म्हणते, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी ओघळतं. नजर आपल्यावरून हटत नाही. पुढच्या दोन तासांत इतकं सरळ तिला कुठेच बघता येणार नाही.

घरात नियम असा : मालक जिच्याकडे रात्र काढणार तिच्या अंगणात लाल कंदील लागतात. तिच्या तळपायांना छोट्या हातोड्यांनी मालिश होते. त्या हातोड्यांचा खुळखुळता आवाज सगळ्या वाड्यात ऐकू जातो. आज आपली पाळी नाही हे बाकीच्या तिघींना कानांनी कळतं. चेटूक त्या आवाजात आहे. काही दिवसांत सोंगल्येनचे पाय तो आवाज मागू लागतात. सत्ता अंगात कशी मुरते हे मी इतकं स्वच्छ दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मालकाचा चेहरा एकदाही नीट दिसत नाही. लांबून, पाठमोरा, पडद्याआडून. तो दिसत नाही म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही, आणि सगळ्या जणी एकमेकींवर तुटून पडतात. दासी यान्अर आपल्या खोलीत चोरून जुने कंदील लावते, तेव्हा ते सोंगल्येनच उघड करते. ती पोर बर्फात गुडघ्यांवर बसून राहते आणि त्यातच जाते.

आता उलट बाजू. मालक नाही दिसला, तर त्याच्या जागी कोण बसतं? आपण. लाल रंग, चौकोनात चौकोन बसवलेली अंगणं, सोंगल्येन झालेल्या गोंग लीचा चेहरा, हे सगळं ज्याच्यासाठी मांडलंय तो प्रेक्षक व्हेनिसच्या महोत्सवात बसला होता, आणि तिथे रौप्य सिंह हा पुरस्कार मिळालाही. चीनमध्ये सिनेमा १९९२ पर्यंत अडकून पडला होता. चिनी पत्रकार दाय छिंग यांनी तपशिलांच्या खोटेपणावर सडकून टीका केली. परदेशी माणसाला हवा तसा चीन त्याला हव्या त्या वेष्टनात दिला, हा आक्षेप आजही ऐकू येतो.

माझं आजचं मत : सिनेमा त्या नजरेची यंत्रणा उघडी करतो आणि तिचा मोबदलाही घेतो. एका महाविद्यालयात हा दाखवला तेव्हा मध्यंतरात एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, फ्रेम काय सुंदर आहेत!" मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "तुला घर छान वाटतंय कारण तुला तिथे राहायचं नाहीये." उत्तर देताना मी तिच्या पुढे जाऊ शकले नाही.

८. ती कंदिलांची आणि पाय चेपायची प्रथा खरंच होती का?

नाही. कादंबरीतही नाही, सिनेमासाठी रचली आहे. वाडा मात्र खरा आहे, शान्शी प्रांतातला छ्याव कुटुंबाचा. आता पर्यटक तिथे कंदील बघायला जातात.

९. 'जू दो'मधला आंघोळीचा प्रसंग चोरून बघण्याचाच आहे. त्याला स्त्रीवादी कसं म्हणता?

मी म्हणत नाही, पण तो नीट बघायला हवा. झांग यीमो यांचा १९९० चा सिनेमा, ऑस्करच्या परदेशी भाषा विभागात नामांकन मिळालेला पहिला चिनी सिनेमा. रंगाऱ्याचा कारखाना. म्हातारा मालक तरुण बायकोला, जू दोला, रोज रात्री मारतो. मालकाचा पुतण्या भिंतीच्या भोकातून तिला अंग धुताना बघतो. तिला ते समजतं, ती भोक बुजवते. इथवर नेहमीचं.

मग एके दिवशी ती भोक उघडं ठेवते आणि हळूहळू त्याच्याकडे वळते. त्याला दिसतात ते माराचे वळ, आणि रडणारा चेहरा. तो बघायला आला होता एक गोष्ट, आणि तिने दाखवली दुसरी. रे चाव यांनी या वळण्यावर विस्ताराने लिहिलं आहे. त्यांच्या मते झांग यीमो इथे पाश्चात्यांना आवडणारा 'पूर्व'च मांडतो, पण असा मांडतो की बघणं हीच गोष्ट उघडी पडते.

मला इथे खुपतं ते वेगळं. तिने वळावं हे ठरवलं दिग्दर्शकाने, आणि ते वळ असूनही प्रकाशयोजना देखणीच आहे. तरी एवढं मान्य की त्या क्षणी भोकापलीकडचा माणूस लाजतो, आणि त्याच्याबरोबर आपणही.

१०. गोंग ली म्हणजे झांग यीमोच्या हातातली बाहुलीच नव्हती का?

'स्टोरी ऑफ छ्यू जू' (१९९२) बघा आणि मग पत्र लिहा. सात-आठ महिन्यांची गरोदर शेतकरी बाई, जाड कोट, डोक्याला फडकं, बोली शान्शीची नव्हे तर शेजारच्या शेन्शी प्रांतातली. गावच्या मुख्याने नवऱ्याला नको तिथे लाथ मारली, म्हणून ती न्याय मागत गावातून तालुक्याला, तालुक्यातून शहरात जाते. भरपाई नको, तिला 'श्वोफा' हवा. या शब्दाचा अर्थ खुलासा, जाब, 'असं का केलंत ते बोला' असा काहीतरी. कॅमेरे लपवून, गर्दीत चित्रण केलं. गर्दीतून वाट काढणाऱ्या त्या बाईवर कुणाची नजर ठरत नाही, आणि सिनेमाचा जीव त्यातच आहे. व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह आणि गोंग लीला अभिनेत्रीचा पुरस्कार, दोन्ही मिळाले.

११. तलवारबाज नायिका तर चिनी सिनेमाची शान. त्या अपवाद नाहीत का?

परंपरा जुनी आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी शांघायमध्ये या नायिकांची लाट होती. १९२९ चा 'रेड हिरोईन' आजही बघायला मिळतो. १९६६ मध्ये किंग हू यांच्या 'कम ड्रिंक विथ मी'त चेंग पेई-पेई 'सोनेरी पाकोळी' झाली. खाणावळीत गुंडांनी वेढलेली असताना ती शांत बसून राहते, आणि तोपर्यंत सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आहेत हे तिला पुरतं ठाऊक असतं. तिथे नजर हाच सापळा आहे.

चौतीस वर्षांनी तीच चेंग पेई-पेई अँग ली यांच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये खलनायिका जेड फॉक्स झाली. तिची तक्रार काय? वुदांग या युद्धविद्येच्या पंथाचा गुरू तिच्याशी शय्यासोबत करायला तयार होता, विद्या द्यायला नाही. मग तिने विद्येचं पुस्तक चोरलं, त्याला मारलं. सिनेमा तिला विष देणारी दुष्ट म्हणून संपवतो, पण त्या एका वाक्याला उत्तर द्यायचं त्याला सुचलेलं नाही. तरुण नायिका उडते, प्रेम करते, कड्यावरून झेप घेते. म्हाताऱ्या बाईचा राग मात्र सगळे विसरतात. मी विसरत नाही.

१२. 'इन द मूड फॉर लव्ह'मध्ये काहीच 'तसं' नाही. मग त्यात कसली नजर?

तिथे नजर शेजाऱ्यांची. १९६२ चं हाँगकाँग, भाड्याच्या खोल्या, अरुंद जिने. मॅगी चंग रात्री डबा घेऊन शेवया आणायला जिना उतरते, तर घरमालकीण म्हणते, शेवया आणायला एवढा नट्टापट्टा? कॅमेरा दाराच्या फटीतून, पडद्याआडून, कपाटामागून बघतो, चाळीतल्या काकू बघतात तसा. तिच्या चिओंगसामची, म्हणजे अंगाबरोबर बसणाऱ्या चिनी झग्याची, कॉलर इतकी उंच की मान खाली घालायची सोय नाही. दिग्दर्शक वाँग कार-वाई त्या कपड्यांवर लुब्ध आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. सिनेमा संपला की अर्ध्या प्रेक्षकांना शिंप्याचा पत्ता हवा असतो.

१३. 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'मध्ये लेस्ली चंग पुरुष असून बाई होतो. पुरुषाकडे बघितलं तरी ती पुरुषी नजरच का?

हो, आणि हे सर्वांत नाजूक उदाहरण. 'दान'चं (प्रश्न ४) शिक्षण घेणारा पोर 'मी मुळात मुलगी, मुलगा नव्हे' ही ओळ पुन्हा पुन्हा उलटी म्हणतो. शेवटी त्याचा जिवलग मित्रच चिलीम त्याच्या तोंडात खुपसून फिरवतो. ओठांतून रक्त येतं आणि ओळ बरोबर येते. बाई असणं हे इथे शरीरावर कोरून बसवलेलं काम आहे. मग मोठेपणी प्रत्येक सत्तेचे लोक येऊन त्याला बघतात : जपानी अधिकारी, राष्ट्रवादी सैनिक, कम्युनिस्ट. खरी बाई, गोंग लीची ज्युश्येन, हिशोबी, भांडकुदळ, संसार हवा असलेली. टाळ्या मात्र रचलेल्या बाईला. १९९३ मध्ये कान महोत्सवात हा पहिला आला, 'द पियानो'बरोबर विभागून.

उलटा प्रकारही आहे. झेज्यांगच्या युए ऑपेरात पुरुषांच्या भूमिकाही बायका करतात. श्ये जिन यांचा 'स्टेज सिस्टर्स' त्या जगात घडतो.

१४. दिग्दर्शक बाई असली की प्रश्न सुटतो ना?

आपोआप नाही सुटत. प्रश्न वेगळ्या जागी जातो, एवढं खरं.

हुआंग शूछिन यांचा 'वुमन, डीमन, ह्यूमन' (१९८७) : ऑपेरात पुरुष-भूमिका करणारी बाई. पेई यानलिंग या खऱ्या कलावतीच्या आयुष्यावरून, आणि भुतं पकडणाऱ्या झोंग क्वेईची भूमिका पेई यांनीच केली आहे. सुरुवातीला नायिका आरशापुढे बसून चेहरा रंगवते. हळूहळू आरशांत दोन जण दिसू लागतात, एक ती आणि एक तो दाढीवाला कुरूप देव. लहानपणी मुलासारखी दिसते म्हणून बायकांच्या संडासातून तिला ओढून काढतात, भोवती घोळका जमतो, 'दाखव तू कोण आहेस' म्हणून. या प्रसंगात कॅमेरा घोळक्याबरोबर उभा राहत नाही. प्रश्न ६ मधला मुलानचा पेच इथे सुटत नाही, पण पेच आहे हे पहिल्यांदा कुणीतरी आतून सांगितलं.

विव्हियन छू यांच्या 'एंजल्स वेअर व्हाइट'मध्ये (२०१७) दोन बारा वर्षांच्या मुलींवर एका मोटेलमध्ये अत्याचार होतो. अत्याचार दिसत नाही. दिसतं ते मोटेलच्या खोल्यांबाहेरच्या मार्गिकेतलं सीसीटीव्हीचं चित्र : दारात एक माणूस, ढकललेलं दार. रात्रपाळीला बसलेली, कागदपत्रं नसलेली पोर ते मोबाईलवर उतरवून घेते, कारण त्याला किंमत येईल. समुद्रकिनाऱ्यावर मेरिलिन मन्रोचा अवाढव्य पुतळा आहे, झगा उडालेला, आणि पायांवर जाहिराती चिकटवलेल्या. शेवटी तो ट्रकवर आडवा घालून नेतात.

१५. हे सगळं बोल्ड चीनच्या सेन्सॉरला चालतं कसं?

बऱ्याचदा चालत नाही. अँग ली यांचा 'लस्ट, कॉशन' (२००७) मुख्य भूमीवर शय्येचे प्रसंग कापून दाखवला. पुढच्या वर्षी नवख्या नायिकेवर, तांग वेईवर, तिकडच्या माध्यमांत बंदी आली आणि जाहिराती उतरल्या. त्याच प्रसंगांत तिच्यासोबत असलेल्या टोनी लियुंगला काही झालं नाही. यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज वाटत नाही.

१६. आत्ताचं काय? नवीन सिनेमांत काही बदललं का?

तिकीटबारीवर नक्की. ज्या लिंग यांचा 'हाय, मॉम' (२०२१) ५०० कोटी युआनच्या पुढे गेला. त्यांनीच २०२४ मध्ये 'योलो' केला. त्यासाठी आधी वजन वाढवलं, मग पन्नासेक किलो उतरवलं. गोष्ट स्वतःसाठी लढणाऱ्या मुष्टियोद्धा बाईची, चर्चा मात्र 'आता कशी दिसते' याची. सिनेमाने नजर चुकवली आणि प्रसिद्धीने ती परत बोलावली, असं माझं मत. यावर मला खरमरीत पत्रं आली आहेत, येऊ द्या.

मला जास्त भावला तो शाओ यीहुई यांचा 'हर स्टोरी' (२०२४). शांघायमधली एकटी आई, तिची नऊ वर्षांची मुलगी आणि शेजारीण. एका प्रसंगात शेजारीण त्या मुलीला ध्वनिमुद्रणं ऐकवते. मुलगी डोळे मिटून ओळखते, हा पाऊस, हे वादळ. पडद्यावर आपल्याला दिसते तिची आई, स्वयंपाक करताना, घर आवरताना. आवाज तिचेच आहेत. घरकाम करणारी बाई इतक्या भव्यपणे दाखवलेली मी पाहिली नव्हती, आणि तेही तिच्याकडे टक लावून न बघता.

१७. पुरुष दिग्दर्शकाला बाईच्या नजरेतून सिनेमा करताच येत नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?

मुळीच नाही. १९४८ चा 'स्प्रिंग इन अ स्मॉल टाउन' हा माझा पुरावा. दिग्दर्शक फेई मू. पाच पात्रं, युद्धात पडझड झालेलं घर, आजारी नवरा, आणि युवेन ही त्याची बायको, भूमिका वेई वेई यांची. रोज भाजी घेऊन ती गावाच्या मोडक्या तटावर फिरते. नवऱ्याचा जुना मित्र पाहुणा म्हणून येतो आणि तो नेमका तिचा जुना प्रियकर निघतो.

निवेदन तिच्या आवाजात आहे. आणि विचित्र गोष्ट ही की तो मित्र स्टेशनवरून चालत येतो तेव्हा ती तिथे नसते, तरी त्याचं येणं तीच सांगते. ज्या गोष्टी तिने पाहिलेल्याच नाहीत त्याही तिच्या नजरेखालून जातात. कॅमेरा तिच्याकडे बघतो, पण काय बघायचं ते तिचा आवाज ठरवतो. शेवटी पाहुणा जातो. ती तटावर उभी आहे. नवरा काठी टेकत टेकत वर येऊन शेजारी उभा राहतो. ती हात उचलून लांबवर काहीतरी दाखवते, आणि तो तिकडे बघतो.